गोव्यात राहून रोबोटिक्समध्ये संशोधन करत प्राध्यापक होता येईल का?

येईल, पण पीएचडीला पर्याय नाही. फर्मागुडीला आयआयटी, कुंकळ्ळीला एनआयटी, झुआरीनगरला बिट्स. म्हणजे दारं घराजवळच आहेत. पदवी रोबोटिक्सचीच हवी असं मुळीच नाही. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, कॉम्प्युटर, काहीही चालतं. गणित मात्र पक्कं हवं, विशेषतः लिनिअर अल्जेब्रा (सदिश आणि सारण्यांचं गणित) आणि कंट्रोल थिअरी (यंत्र हवं तसं वागवण्याचं शास्त्र). (आमची बरीच मुलं इथेच गळतात.)

विषय निवडताना समुद्राकडे बघा, असं मी म्हणेन. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने ‘माया’ नावाचं स्वयंचलित पाणबुडं यान बनवलं आहे. पाण्याखाली जीपीएस चालत नाही, कारण रेडिओ लहरी खाऱ्या पाण्यात लगेच विरतात. मग यानाने वेग आणि दिशा मोजून आपण कुठे आहोत याचा अंदाज बांधायचा, आणि प्रत्येक मिनिटाला चूक साचत जाते. ती चूक आवरण्यावर कितीतरी प्रबंध होऊ शकतात!

गेट ही अभियांत्रिकीची पात्रता परीक्षा द्या, आणि अर्ज करण्याआधी मार्गदर्शकाचे अलीकडचे शोधनिबंध वाचा. संस्थेच्या नावापेक्षा ते महत्त्वाचं. पोस्ट-डॉकसाठी, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनासाठी, दोनेक वर्षं गोव्याबाहेर काढावी लागतील, घरच्यांना आत्ताच सांगून ठेवा.