वाचक विचारतात : केळीच्या गाडीला बॅटरी कोणती घ्यावी?

प्रश्न : काका, राम राम. आमची यावल तालुक्यात केळी आहे. मी आणि माझ्या आतेभावाने मालवाहू रिक्षाचा जुना एक्सल आणि अँगलची फ्रेम जोडून बॅटरीवर चालणारी गाडी बनवली आहे. मोटर ४८ व्होल्ट, १५०० वॅटची. कापणीच्या दिवसांत बागेतून ट्रक उभा राहतो तिथपर्यंत, म्हणजे दीड किलोमीटर, घड आणायचे आहेत. खेपेला वीसेक घड, दिवसाला पाच खेपा. भंगारवाल्याकडे मोटारीच्या जुन्या बॅटऱ्या स्वस्तात मिळतात. इन्व्हर्टरवाला म्हणतो १५० एएचच्या (अँपिअर-तास) उंच ट्यूब्युलर, म्हणजे नळीदार प्लेटांच्या घ्या. ई-रिक्षा चालवणारा मित्र रिक्षाच्याच १०० एएचच्या सांगतो. कोणी म्हणतं सीलबंद घे, पाण्याची कटकट नको. लिथियम सध्या परवडत नाही. काय करू?
— एक वाचक, ता. यावल

उत्तर : भाऊ, मित्राचं ऐका. १२ व्होल्टच्या चार, १०० एएचच्या, पाणी घालायची झाकणं असलेल्या रिक्षाच्या बॅटऱ्या घ्या.

आता कारण. माझी नोकरी भुसावळला रेल्वेच्या ट्रेन लायटिंगमध्ये झाली. डब्याखालच्या पेट्यांत दोन-दोन व्होल्टचे सेल ओळीने जोडून ११० व्होल्ट करतात, त्यांची देखभाल आमच्याकडे असायची. तिथे पहिल्यापासून हेच शिकवलं जायचं की बॅटरीकडून काम काय घ्यायचंय ते आधी ठरवा, तिच्यावर काय छापलंय ते नंतर वाचा. तुमच्या गाडीचं काम मांडून बघू.

घड सरासरी २० किलोचा धरला तर वीस घडांचे ४०० किलो. गाडी, बॅटऱ्या आणि चालवणारा मिळून आणखी ३०० धरा. असं ७०० किलोचं ओझं कच्च्या शेतरस्त्यावर ताशी १२ किलोमीटरने न्यायचं तर बॅटरीतून साधारण १३०० वॅट, म्हणजे ४८ व्होल्टवर २७ ते ३० अँपिअर ओढले जातील. भरल्या गाडीला किलोमीटरला ११० वॅट-तास लागतात, रिकामीला त्याच्या निम्मे. पाच खेपांचं जाणं-येणं धरून सव्वा युनिट वीज झाली, म्हणजे ४८ व्होल्टवर २६ एएच. पण हे सपाट, कोरड्या रस्त्याचं गणित आहे. नाल्यातून वर यायचा चढ असेल, चाक रेतीत रुतत असेल, बॅटरी वर्षभर वापरलेली असेल, तर हिशोब दुप्पट धरावा. ५० एएच झाले. १०० एएचची बॅटरी निम्मीच उतरवायची, तेव्हा आकडा बरोबर जुळतो.

निम्मीच का, असं विचाराल. १०० एएच हा छापील आकडा बहुधा २० तासांचा असतो : ५ अँपिअरने २० तास. ३० अँपिअरने ओढलंत तर त्याच बॅटरीतून ७० च्या आसपासच निघतात. जितक्या जोरात ओढाल तितकं कमी मिळतं. पॉइकर्ट नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ मध्ये हे सूत्रात बसवलं, ते आजही चालतं. म्हणून दुकानात ‘किती एएच’ एवढंच विचारू नका, ‘किती तासांच्या हिशोबाने’ तेही विचारा. आणि त्या ७० मधले सगळे रोज काढले तर आतल्या शिशाच्या प्लेटा लवकर झिजतात. दिवसभर धावून रोज तळाला जाणारी रिक्षाची बॅटरी वर्षभरात, कधी त्याच्याही आत जाते. निम्म्यावर थांबणारी तिच्यापेक्षा खूप जास्त टिकते.

मोटारीच्या बॅटऱ्यांचं एका वाक्यात सांगतो : नका घेऊ, फुकट मिळाल्या तरी नका घेऊ. मोटार सुरू करताना स्टार्टर २०० अँपिअर ओढतो, पण दोन-तीन सेकंदच. म्हणजे एका एएचचा पाचवा हिस्साही खर्च होत नाही, आणि गाडी सुरू झाली की अल्टरनेटर तो लगेच भरून काढतो. त्या कामासाठी प्लेटा पातळ आणि भरपूर ठेवलेल्या असतात. अशी बॅटरी तासन् तास उतरवलीत तर पातळ प्लेटांचा मसाला गळून तळाशी बसतो आणि हंगाम संपायच्या आत ती जाते. रोज उतरवायच्या बॅटरीला जाड प्लेट लागते.

इन्व्हर्टरची उंच ट्यूब्युलर बॅटरी वाईट नाही. पण ती घरात एका जागी बसण्यासाठी बनवलेली आहे. अ‍ॅसिडसकट एकेकीचं वजन ५० किलोच्या पुढे, चार मिळून दोन क्विंटलच्या वर. म्हणजे दहा घडांची जागा बॅटऱ्यांनीच खाल्ली. शिवाय उंचीमुळे गाडी डगमगते आणि धक्क्याने अ‍ॅसिड झाकणावर येतं. रिक्षाची बॅटरी बुटकी असते, वजन निम्म्याच्या आसपास, आणि धक्के खाण्याच्या हिशोबाने बांधलेली.

सीलबंद बॅटरीला माझा विरोध आपल्या उन्हामुळे आहे. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. बॅटरीचं तापमान १० अंशांनी वाढलं की तिचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं. उन्हात पाणी उडणारच. झाकणाची असेल तर ते भरता येतं, सीलबंद एकदा सुकली की संपली. महिन्यात दोनदा पाच मिनिटं पाण्यासाठी द्या, ती कटकट नाही.

आता खरेदी. दुकानात जाताना व्होल्ट मोजायला मल्टिमीटर आणि अ‍ॅसिडची घनता मोजायला हायड्रोमीटर बरोबर न्या, हायड्रोमीटर बॅटरीवाल्याकडेच किरकोळ किमतीत मिळतो. चारही बॅटऱ्या एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या, एकाच महिन्याच्या तारखेच्या असल्या पाहिजेत. चार्ज करून काही तास नुसत्या ठेवल्यावर प्रत्येकीला १२.५ ते १२.७ व्होल्ट दिसायला हवेत. मग झाकणं उघडा. हायड्रोमीटरचं रबरी नळकांडं पहिल्या सेलमध्ये बुडवा, फुगा हलकेच दाबून सोडा. काचेत अ‍ॅसिड चढेल आणि आतला तरंगा उठेल. तो काचेला चिकटू देऊ नका, नळी उभी धरा, डोळे पातळीला आणा आणि आकडा कागदावर लिहा. असं सहाही सेलचं. कंपनीप्रमाणे १२४० ते १२८० मध्ये कुठेही येईल, त्यावर अडू नका. सहा आकडे एकमेकांशी जुळतात का ते बघा. पाच सेल १२५० आणि एक १२१० असेल तर ती बॅटरी परत करा. तो एक सेल पुढे बाकीच्या तेवीस सेलना मागे ओढेल. दुकानदार कुरकुरला तरी चालेल, पैसे तुमचे आहेत.

चार्जिंगकडे मात्र नीट लक्ष द्या, कारण माझ्या पाहण्यात बॅटऱ्या वापरून कमी आणि चार्जिंगमुळे जास्त मरतात. १०० एएचला १० ते १५ अँपिअरचा, आपोआप बंद होणारा रिक्षाचा चार्जर पुरतो. पहिला ८० टक्के भाग लवकर भरतो, शेवटच्या २० टक्क्यांना जवळजवळ तेवढाच वेळ लागतो. म्हणून शेतातल्या फीडरवर भरवसा ठेवू नका. तिथली वीज पाळीने येते, मध्येच जाते, आणि बॅटरी रोज ८० टक्क्यांवरच राहते. अर्धवट भरलेल्या प्लेटेवर शिशाचं सल्फेट कडक होत जातं आणि ते मग सुटत नाही. गाडी घरी आणा, रात्री गार वाऱ्याला लावा, सकाळपर्यंत पूर्ण भरू द्या. उतरलेली बॅटरी ‘उद्या लावू’ म्हणून ठेवू नका. चार बॅटऱ्यांना मिळून चार्जर वर ५७.६ व्होल्टपर्यंत जातो, हा आकडा २५ अंशांसाठी आहे. बॅटरी ४५ अंशांवर असेल तर सुमारे दोन व्होल्ट कमी हवेत, नाहीतर नुसतं पाणी उकळतं. चार्जर घेताना तापमानाप्रमाणे व्होल्ट कमी करण्याची सोय आहे का ते विचारा.

पाणी डिस्टिल्डच, बोअरचं चालणार नाही. आपल्याकडचं पाणी क्षारांचं. पाणी चार्जिंग झाल्यावर घाला, फक्त प्लेटा उघड्या पडल्या असतील तर आधी त्या बुडतील एवढं घाला. वरून अ‍ॅसिड कधीच नाही. चार्जिंग होताना हायड्रोजन निघतो, हवेत तो ४ टक्के झाला तरी भडका उडू शकतो. पेटीला वरून-खालून भोकं ठेवा, बॅटऱ्यांमध्ये बोटभर फट आणि खाली रबर ठेवा. पेटीवर ऊन येऊ देऊ नका, केळीची पानं झाकली तरी फरक पडतो. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवाच. आणि हॉर्न-दिव्यासाठी चारपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढू नका. घरी बनवलेल्या गाड्यांत हे नेहमी दिसतं. ती एक बॅटरी रोज जास्त उतरते आणि तिच्यामुळे सगळा सेट बसतो. ४८ चे १२ करणारा कन्व्हर्टर लावा.

एक महत्त्वाचं : ही गाडी शेतरस्त्यापुरती ठेवा. २५० वॅटपेक्षा कमी आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या गाडीलाच मोटार वाहनाच्या नियमांतून सूट आहे. तुमची १५०० वॅटची आहे, मंजुरी आणि नोंदणीशिवाय ती सार्वजनिक रस्त्यावर काढू नका.

प्रश्न : माझ्या इलेक्ट्रिक स्कूटीत १२ व्होल्ट, २० एएचच्या चार सीलबंद बॅटऱ्या आहेत. एक गेली म्हणून मेकॅनिकने ती बदलली. दोन महिन्यांत दुसरी गेली. नवी बॅटरी खराब निघाली का?
— एक शिक्षिका, अमळनेर

उत्तर : नाही ताई, नवी बॅटरी चांगलीच असेल. चारही ओळीने जोडलेल्या असतात, प्रत्येकीतून सारखाच प्रवाह जातो. तीन थकलेल्या आणि एक ताजी असली की थकलेल्यांतली सर्वांत कमजोर आधी रिकामी होते. स्कूटी तरी चालूच राहते, कारण उरलेल्या तिघी तिच्यातून प्रवाह ढकलत राहतात. अशात तिचे सेल उलटे होतात, म्हणजे अधिकचं उणं होतं, आणि ती कायमची जाते. मग पुढची. चारही एकदम बदला. जुन्या दुकानात द्या, शिशाचे पैसे वळते होतात आणि शिसं रीतसर परत वापरात जातं. मेच्या सुट्टीत माहेरी जाताना स्कूटी पूर्ण चार्ज करून सावलीत ठेवा, घरातल्या कोणाला तरी मधे एकदा चार्जिंगला लावायला सांगा.

प्रश्न : बॅटरी जमिनीवर ठेवली की उतरते, म्हणून आम्ही पाटावर ठेवतो. हे खरं का?
— एक ज्येष्ठ वाचक, शहादा

उत्तर : आप्पा, लाकडी आणि कडक रबराच्या पेट्या होत्या तेव्हा ओल शिरून प्रवाह गळायचा. आजच्या प्लॅस्टिकच्या पेटीतून जमिनीत काही जात नाही. गळती होते ती वरच्या बाजूने, झाकणावर साचलेल्या धुळीतून आणि अ‍ॅसिडच्या ओलाव्यातून. मल्टिमीटरची एक पिन टर्मिनलला आणि दुसरी झाकणाच्या प्लॅस्टिकवर टेकवून बघा. व्होल्ट दिसले तर खायच्या सोड्याच्या पाण्यात फडकं पिळून पुसून घ्या. झाकणं घट्ट लावलेली असू द्या, सोडा आत जाता कामा नये.