पाय अधू असलेलं कोंबडीचं पिल्लू जगतं का? त्याला कसं सांभाळायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पिल्लू आठ दिवसांचं आहे, उजवा पाय बाहेरच्या बाजूला फाकतो, ते खोक्यात वर्तमानपत्रावर बसून असतं, खाणंपिणं चालू आहे. घरचे म्हणतात काही खरं नाही. जगवता येईल का, कधी थांबायचं, आणि बाकीच्या पिलांत ठेवावं की वेगळं?

जगवता येतं. आमची कोंबडी ठमी साडेचार वर्षांची आहे आणि तिचा उजवा पाय नावापुरता आहे. पण आधी खोक्यातलं ते वर्तमानपत्र काढा. उत्तर वाचून झाल्यावर नाही, आत्ता. गुळगुळीत कागदावर पिलाचे पाय घसरतात आणि पहिल्या काही दिवसांत सांधे इतके मऊ असतात की घसरत घसरतच पाय फाकलेले राहतात. जुना खरखरीत टॉवेल किंवा रबरी जाळीची चटई अंथरा, नखं रुतली पाहिजेत. टॉवेलचे धागे निघत असतील तर तो नको, ते बोटांना गुंडाळतात.

आता पाय नीट बघा, कारण सगळे लंगडे पाय एका जातीचे नसतात आणि मी नेमकी इथेच चुकले. कोंबडीच्या पायात मागे वळणारा जो सांधा दिसतो त्याला आपण गुडघा म्हणतो. खरं तर तो तिचा घोटा, गुडघा वर पिसांत लपलेला असतो. या घोट्याच्या मागून बोट फिरवा. मधोमध दोरीसारखी शीर (रक्ताची नव्हे, स्नायूला हाडाशी जोडणारी) लागली, सूज नसली आणि पाय नुसताच बाहेर पसरत असला, तर तो फाकलेला पाय. तो बांधून सुधारतो. घोटा सुजलेला, मागून सपाट लागतो आणि ती दोरी एका बाजूला सरकलेली आहे, तर शीर जागेवरून निसटली आहे. त्यामागे बऱ्याचदा खाद्यातल्या मँगनीज किंवा कोलीनची कमतरता असते. अगदी सुरुवातीला डॉक्टर ती परत बसवून बघतात, पण पुन्हा निसटण्याची शक्यता भरपूर. बोटं मुठीसारखी आत वळली असतील आणि पिल्लू घोट्यांवर चालत असेल तर बी-२ जीवनसत्त्वाची कमतरता मनात आणा. ती लवकर भरून काढली तर बोटं उघडतात, उशीर झाला तर नाही.

ठमीची शीर निसटलेली होती. मी ते न बघता फाकलेला पाय समजून बांधत बसले, तेही ती तीन आठवड्यांची झाल्यावर, आणि घट्ट. दुसऱ्या दिवशी पंजा सुजून जांभळट झाला होता. डॉक्टरांनी पट्टी कापली आणि एवढंच म्हणाले, "पाय तर गेलाच होता, आता पंजा तरी राहू दे." म्हणून सांगते, शक्य असेल तर बांधण्याआधी पक्ष्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याला दाखवा.

फाकलेलाच पाय असेल तर आठव्या दिवशी थोडा उशीर झालाय, पण करून बघण्यासारखं आहे. स्वतःलाच चिकटणारी मऊ पट्टी घ्या, नाहीतर जखमेवर लावायची साधी पट्टी, तिचा मधला कापसाचा भाग दोन पायांच्या मध्ये येईल अशी. घोट्याच्या खाली, नळीवर एक एक सैल वेढा द्या आणि पाय सरळ उभ्या पिलाचे असतात तेवढ्या अंतरावर ठेवा, लहान पिलाला साधारण अडीच सेंटिमीटर. बांधल्यावर ते तोंडावर पडेल. रागावून ओरडेलही. पाण्याची ताटली उथळ ठेवा आणि तिच्यात गोट्या टाका, नाहीतर पडलेलं पिल्लू तिच्यातच बुडायचं. रोज पट्टी सोडून नवी बांधा, कारण पिल्लू रोज वाढतं आणि पट्टी वाढत नाही. चार-पाच दिवसांत फरक दिसतो. आठवडा उलटूनही दिसला नाही तर बांधणं थांबवा.

मग हा पाय असाच राहणार हे धरून चाला. पायाचं दुःख आपल्याला जास्त असतं. पिल्लू दोन दिवसांत उडी मारत, पंखाचा टेकू घेत जिथे जायचं तिथे पोचतं. अधू कोंबडी दगावते ती बसून राहण्यामुळे जे होतं त्याने. छातीचं हाड सतत जमिनीला टेकून तिथली कातडी सोलवटते, फोड येतो. घोटे घासतात. विष्ठा पोटाखालच्या पिसांना चिकटते, कातडी भाजल्यासारखी लाल होते, आणि माश्यांच्या दिवसांत त्याच ओल्या पिसांत माश्या अंडी घालतात. एका दिवसात अळ्या होतात. हे मी एकदा पाहिलंय. सकाळी ठमी नेहमीसारखी दाणा टिपत होती, फक्त वास येत होता. उचलून बघितलं तर शेपटीखाली तांदळाचे दाणे सांडावेत तशा पांढऱ्या अळ्या, आणि त्या हलत होत्या. डॉक्टरांनी चिमट्याने एक एक काढल्या. तेव्हापासून रोज संध्याकाळी तिला उलटी करून नाही, तर उचलून खालून बघायचं हा आमच्या घरचा नियम आहे. भोवतालची पिसं कात्रीने आखूड ठेवायची. घाण असेल तर फक्त तेवढाच भाग कोमट पाण्यात धरायचा, आणि मग केस वाळवायच्या यंत्राने मुळापर्यंत कोरडं करायचं. वरून कोरडी आणि आतून ओली कोंबडी रात्री गारठते.

अंथरूण जाड हवं, चार-पाच बोटं तूस किंवा लाकडाचा भुसा, आणि ओलं झालेलं रोज काढायचं. एवढं सांभाळलं की निम्मं काम झालं.

धरताना एक लक्षात ठेवा. पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचं हाड पुढेमागे हलवूनच ते श्वास घेतात. छाती दोन्ही हातांनी गच्च धरली किंवा टॉवेलमध्ये घट्ट गुंडाळली तर नाकचोच मोकळी असूनही जीव गुदमरतो. मुलांना हे आधी शिकवा, आणि नंतर साबणाने हात धुवायलाही.

चांगल्या पायाकडे जास्त लक्ष द्या. सगळं वजन त्याच्यावर येतं, त्यामुळे तळव्याला सूज, मधोमध काळी खपली, असला प्रकार तिथेच होतो. ती खपली घरी कोरत बसू नका. अधू पायाची नखं झिजत नाहीत, ती कापावी लागतात. उजेडात धरलं की आतली गुलाबी रक्तवाहिनी दिसते, तिच्या अलीकडे कापायचं.

आणि एक गोष्ट मला कोणीच सांगितली नव्हती. कोंबडी डोकं पायाने खाजवते. ठमी उजवी बाजू खाजवू शकत नाही. पिसं झडून नवी येतात तेव्हा डोक्यावर पांढऱ्या नळ्यांचे काटे उभे राहतात. दुसऱ्या कोंबड्या ते खाजवून फोडतात, हिच्या उजव्या कानामागे तसेच राहतात. मग मी बसते. वाळलेली नळी दोन बोटांत हलकेच चोळली की तिची भुकटी होते आणि आतून पीस उलगडतं. ती मान माझ्या बोटावर टाकते, खालची पापणी वर सरकत डोळा मिटतो. नळी अजून निळसर, रक्ताची असेल तर हात लावायचा नाही, दुखतं आणि ती चोच मारते. त्याच कोपऱ्यात उवाही लपतात, तेव्हा चोळता चोळता पिसांच्या मुळाशी बघून घ्यायचं.

खाण्याचं: पिलाला पिलांचंच खाद्य द्या. अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यात कॅल्शियम इतकं असतं की पिलांची मूत्रपिंडं बिघडतात. मांसासाठी वाढवलेल्या जातीचं पिल्लू असेल तर उलटी काळजी. ते सहा आठवड्यांत दोन किलोच्या पुढे जातं आणि धड पायसुद्धा ते वजन पेलत नाहीत, अधू पायाचं सोडाच. तिथे दाणा मोजूनच. आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा आणि छातीचं हाड चाचपा. सुरीच्या धारेसारखं लागलं तर बाकीच्या तिला खाऊ देत नाहीत असं समजा. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या अंदाजाने देऊ नका. डॉक्टरांनी औषध दिलं तर अंडी किती दिवस खायची नाहीत तेही विचारून घ्या.

पिल्लांसाठी कापडी झुला मिळतो किंवा शिवता येतो, पाय आणि मागची बाजू यांसाठी भोकं ठेवून. कामाचा आहे, पण पहिल्यांदा दहा मिनिटंच, आणि कोणीतरी समोर असताना. पंजे जमिनीला टेकायला हवेत. लोक तासन्‌तास लटकवून ठेवतात, ते मला पटत नाही.

हे सगळं पिल्लू असतानाच आलेल्या अधूपणाबद्दल झालं. धडधाकट तलंग (अजून अंड्यावर न आलेली कोंबडी) अचानक एक पाय पुढे, एक मागे टाकून आडवी झाली तर तो मारेक असू शकतो. तो विषाणूचा रोग आहे, त्यावर उपचार नाही, लस अंड्यातून बाहेर आल्या आल्याच द्यावी लागते, आणि पिसांच्या कोंड्यातून तो इतर कोंबड्यांत पसरतो. माणसाला होत नाही. अशा वेळी तिला लगेच वेगळी काढून डॉक्टरांकडे न्या. मोठी कोंबडी अंडं अडकल्यानेही पाय टाकते, आणि तिथेही थांबायला वेळ नसतो.

कधी थांबायचं हेही विचारलंत. मी पायाकडे बघून ठरवत नाही. खाते का, पिसं विंचरते का, दार वाजलं की मान वर करते का, हे बघते. तिन्ही गेलं, वजन उतरत चाललं आणि ती पिसं फुगवून डोळे मिटून बसायला लागली, तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा. ते वेदनेशिवाय संपवू शकतात.

राहिला प्रश्न वेगळं ठेवण्याचा. वेगळं, पण एकटं नाही. मध्ये जाळी लावा, म्हणजे दिसतील, ऐकू येतील, टोचणार नाहीत. कोंबड्या कमजोराला टोचतात आणि रक्त दिसलं की थांबत नाहीत. थोडी मोठी झाली की सगळ्यांत गरीब स्वभावाची एक तिच्यासोबत सोडून बघा, पहिले काही दिवस तुम्ही तिथे बसून. आम्ही भुरकीला सोडलं होतं. पंधरा दिवस मी स्टूल टाकून पहारा करायचे, भुरकी हिला मारेल म्हणून. आता ठमी एका पायावर बसल्या जागेवरून भुरकीच्या तुऱ्याला टोचते, ताटलीवर पसरते आणि मार खाल्लेली भुरकी माझ्याकडे पळत येते.