इटलीत पडलेल्या जवानाची समाधी कुठे शोधावी?

प्रश्न : माझे चुलत आजोबा मराठा पलटणीत होते आणि १९४४ साली इटलीच्या लढाईत त्यांना वीरमरण आले, एवढेच घरात सांगितले जाते. अस्थी कधी आल्या नाहीत. त्यांची समाधी इटलीत असेल काय? व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मिळालेले यशवंत घाडगे त्यांच्याच पलटणीतले होते काय?
— एक वाचक, कसबा बावडा, कोल्हापूर

उत्तर : नाईक यशवंत घाडगे हे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे, परंतु याच रेजिमेंटची पहिली बटालियनही इटलीत लढत होती, त्यामुळे आजोबांची बटालियन कळल्याशिवाय दुसऱ्या प्रश्नाचे खात्रीने उत्तर देता येणार नाही. घाडगे रायगड जिल्ह्यातील पळसगावचे. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यातील हल्ल्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशिनगनचा मारा झाला आणि त्यांच्याखेरीज तुकडीतील प्रत्येक जण ठार वा जखमी झाला. ते एकटेच शत्रूच्या मोर्चावर धावून गेले, हातबॉम्बने मशिनगन आणि ती चालवणारा निकामी केला, टॉमीगनने आणखी एकास टिपले आणि मॅगझिन बदलायला उसंत नसल्याने बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने ठार मारले. त्यानंतर शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत व पाठीत लागून, जिंकलेल्या त्याच मोर्चात त्यांनी प्राण सोडला. तेव्हा ते अवघे २२ वर्षांचे होते.

एवढ्या मोठ्या वीराचीही ज्ञात समाधी नाही. त्यांचे नाव इटलीतील कॅसिनो या गावच्या स्मारकावर आहे. ज्यांच्या अंत्यस्थानाचा ठावठिकाणा राहिला नाही अशा इटलीतील चार हजारांहून अधिक राष्ट्रकुल सैनिकांची नावे तेथे कोरलेली आहेत. उंब्रियातील मोंतोने गावाने तर २०२३ साली घाडगे यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारले, आणि परक्या मुलखातील लोकांनी आपल्या एका तरुण शिपायाची अशी आठवण ठेवावी, याचे मोल मला फार वाटते.

म्हणून आपणांस माझे सांगणे असे की, समाधीपेक्षा नावाचा शोध घ्यावा. आघाडीवर शक्य असे तेव्हा हिंदू व शीख जवानांचे दहन होत असे, आणि अशांची नावे सांग्रो नदीकाठच्या व फोर्ली येथील दहन-स्मारकांवर आहेत. तिथे नाव नसेल तर कॅसिनोची यादी पाहावी. राष्ट्रकुल सैनिकांच्या समाध्या व स्मारके सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन या संस्थेच्या संकेतस्थळावर या सर्व नोंदी विनामूल्य पाहता येतात. काही नोंदींत वडिलांचे नाव व गावही असते. मात्र त्या काळी कारकुनाने ऐकून लिहिलेली नावे रोमन लिपीत फार वेगळी दिसतात, कधी आडनावच गळलेले असते, म्हणून शक्यतो सैनिकी क्रमांकावरून शोधावे. तो घरातील जुन्या पेन्शनच्या कागदांवर सापडण्याचा संभव अधिक आहे.

एक खुलासा अगत्याचा आहे. कोल्हापूर संस्थानाची राजाराम रायफल्स ही स्वतःची वेगळी पलटण होती आणि संस्थान विलीन झाल्यावर ती मराठा लाइट इन्फंट्रीत सामील झाली, त्यामुळे जुन्या घरांतून दोन्हींचा उल्लेख नुसता ‘मराठा पलटण’ असाच होतो. आजोबा नेमके कोणत्या पलटणीत होते, हे आधी घरातील वडीलधाऱ्यांना विचारून घ्यावे आणि मग क्रमांक, गाव व वडिलांचे नाव लिहून बेळगावच्या मराठा रेजिमेंटल सेंटरला पत्र पाठवावे. कोल्हापूरचे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयही त्या अर्जासाठी मार्गदर्शन करू शकेल.