सहलीचा सुका खाऊ: वाचकांचे प्रश्न

रामटेकला नेलेला चिवडा पोहोचेपर्यंत सादळतो. मी मुरमुरे, मनुका, बदाम सगळं घालते. चुकतं कुठे? (एक आई, मनीषनगर)

मनुकांमध्ये. त्यांच्यातला ओलावा मुरमुरे ओढून घेतात. मनुका आणि खजुराचे तुकडे वेगळ्या डबीत न्या, खाताना मिसळा.

माझं प्रमाण असं: ४ वाट्या मुरमुरे किंवा ज्वारीच्या लाह्या, १ वाटी फल्लीदाणे (शेंगदाणे), १ वाटी फुटाणे, अर्धी वाटी भोपळ्याच्या बिया, २ चमचे तीळ. फुटाणे खारे असतील तर वरून मीठ नको. फोडणीला २ चमचे तेल पुरे. कढीपत्ता चिमटीत चुरेल इतका कोरडा होऊ द्या.

दाणे मंद आचेवरच भाजा. एक गार करून फोडून पाहा. आतून फिका बदामी दिसला, कच्चट वास गेला, की कढई उतरवा. काळपट, सुरकुतलेले, कुबट वासाचे दाणे आधीच निवडून टाका, कारण बुरशीचं विष भाजल्यानं जात नाही. सगळं परातीत पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. निघायच्या घाईत गरम चिवड्यावर झाकण लागतं आणि आतल्या वाफेनं सगळी मेहनत वाया जाते.

नातू साडेतीन वर्षांचा आहे. मोठ्यांचं बघून तोही बदाम-फुटाणे मागतो. द्यावेत का? (आजी, महाल)

अख्खे अजिबात नाही, आजी. पाच वर्षांपर्यंत अख्खे दाणे, बदाम, फुटाणे, लाह्या श्वासनलिकेत अडकायची भीती असते. धावताना, हसताना, चालत्या गाडीत तर फारच. त्याच्यासाठी दाण्याचं बारीक कूट, तिळाची पूड आणि मऊ खजूर एकत्र मळून छोट्या, चपट्या वड्या करा. त्यानं बसून, तुमच्या नजरेसमोर खावं. यात मला तडजोड मान्य नाही.

चॉकलेटच्या गोळ्या मिसळल्या तर? (धरमपेठ)

मे महिन्यात नकोच. चॉकलेट साधारण ३४ अंशांना वितळतं आणि आपल्याकडे नागपुरात पारा ४५ च्या आसपास जातो. सगळ्या खाऊचा चिकट गोळा होईल.

सोबत येणाऱ्या मैत्रिणीच्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. त्याच्यापुरते दाणे निवडून काढले तर चालेल? (गोधनी)

नाही. दाण्यांचा चुराही बाधू शकतो. त्या सहलीला सगळ्यांसाठीच बिनदाण्याचा खाऊ करा, धुतलेल्या कढईत आणि नव्या तेलात. तीळ, काजू, बदाम चालतात का, तेही त्याच्या आईला विचारा. विकतच्या फुटाण्यांचं पाकीट तिला दाखवा. ओठ सुजले, श्वास घ्यायला त्रास झाला, तर वाट न पाहता १०८ ला फोन करा.

रामटेकच्या गडावर माकडं डबा हिसकतात. मुलांना खाऊ कुठे द्यावा? (वर्धमाननगर)

वर डबा पिशवीतून काढूच नका, मुलांच्या हातात पुडकी देऊ नका. खाली उतरून, थांबलेल्या गाडीत काचा लावून प्रत्येकाला मूठभर द्या, सोबत पाणी. हा मधल्या वेळेचा खाऊ आहे. जेवणाची पोळी-भाजी वेगळी बांधून घ्या.