शे-दीडशे पानांचे स्कॅन तिरपे आले आहेत, सॉफ्टवेअरने सरळ कसे करायचे?

(प्रश्न थोडक्यात असा: यवतमाळकडच्या एका गावात आपले सरकार सेवा केंद्र आहे. जातपडताळणीच्या अर्जांसाठी शाळेचं दाखलखारीज रजिस्टर, कोतवाल बुकाच्या नकला आणि हाताने लिहिलेले जुने सातबारे स्कॅन करावे लागतात. पानं तिरपी येतात. सॉफ्टवेअर फुकटातलं आणि नेट नसतानाही चालणारं हवं.)

भाऊ, आधी पान कशाने वाकडं दिसतंय ते पाहा. सगळ्या ओळी एकमेकींना समांतर आहेत आणि मिळून एकाच बाजूला उतरताहेत, तर पान नुसतं फिरलेलं आहे. सॉफ्टवेअरमधलं 'डेस्क्यू' हे बटण एवढ्याच दुखण्यावर आहे. मोबाइलने काढलेल्या फोटोत पानाची वरची कड आखूड आणि खालची लांब दिसते. तिथे डेस्क्यू कितीही वेळा दाबा, एक बाजू सरळ झाली की दुसरी बिघडते. त्याला चार कोपरे ओढून चौकट करणारं साधन लागतं, ते गिंप (GIMP) या फुकटच्या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये 'पर्स्पेक्टिव्ह' नावाने आहे. आणि जाड रजिस्टरच्या शिवणीजवळ ओळी कमानीसारख्या वळल्या असतील तर ते तिसरंच प्रकरण, त्याच्याकडे खाली येतो.

कल किती आहे ते मोजता येतं. ए-फोर पान ३०० डीपीआयला (म्हणजे एका इंचात ३०० ठिपके) २४८० पिक्सेल रुंद असतं. एका अंशाचा कल असला तर ओळ डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत ४३ पिक्सेल, म्हणजे कागदावर पावणेचार मिलिमीटरच्या आसपास उतरते. उताराला ओळीच्या लांबीने भागा आणि ५७.३ने गुणा, अंश मिळतात. अर्ध्या अंशाच्या आतला कल मी तरी सोडून देतो, वाचणाऱ्याला तो जाणवत नाही.

रोजच्या कामाला नॅप्स-टू (NAPS2) हे स्कॅनिंगचं सॉफ्टवेअर घ्या. विंडोजवर चालतं, फुकट आहे, एकदा बसवलं की नेट लागत नाही. स्कॅनरच्या प्रोफाइलमध्ये 'अ‍ॅडव्हान्स्ड'मध्ये जाऊन पान स्कॅन होतानाच डेस्क्यू करण्याचा पर्याय टिक करून ठेवता येतो. आधीच झालेले स्कॅन किंवा पीडीएफ 'इम्पोर्ट' करा, सगळी पानं निवडा आणि 'रोटेट'च्या यादीतलं 'डेस्क्यू' दाबा. जी दहा-वीस पानं ऐकणार नाहीत, त्यांना तिथलंच 'कस्टम रोटेशन' लावून अंश हाताने द्या.

ती पानं का ऐकत नाहीत? सॉफ्टवेअर अक्षर वाचत नाही, पान थोडं थोडं फिरवून काळे ठिपके कोणत्या कोनात ओळीत येतात ते पाहतं. इथे देवनागरीची शिरोरेषा फार कामाची, छापील मराठी पानाचा कल त्यामुळे पटकन सापडतो. मोडीतही वर रेघ असते, म्हणून जुनी मोडी पानंसुद्धा बऱ्यापैकी जमतात. पण जुन्या सातबाऱ्यावर पटवाऱ्याने पट्टीने ओढलेल्या रकान्यांच्या रेघा अक्षरांपेक्षा लांब आणि ठसठशीत असतात. रेघ तिरपी ओढलेली असली की सॉफ्टवेअर रेघेच्या मागे जातं आणि अक्षरं वाकडी करून ठेवतं. दुसरा घोटाळा काळ्या पट्टीचा. रजिस्टर जाड म्हणून स्कॅनरचं झाकण उघडं राहतं, पानाच्या कडेला काळी पट्टी येते, आणि ती पट्टीच सगळ्यात मोठी ओळ ठरते. वहीवर पांढरा ड्रॉइंग शीट पसरला की अर्धी कटकट जाते.

एकाच पानावर आधार कार्डाची पुढची आणि मागची बाजू ठेवून स्कॅन केलं असेल आणि दोन्ही वेगवेगळी कलली असतील, तर डेस्क्यूची अपेक्षाच ठेवू नका. एका पानाला एकच कोन देता येतो. दोन्ही कापून वेगळी करा, सरळ करा, मग परत एका पानावर बसवा.

रजिस्टरसाठी मात्र स्कॅनटेलर अ‍ॅडव्हान्स्ड (ScanTailor Advanced) हे दुसरं सॉफ्टवेअर हवं, तेही फुकट आणि नेटशिवाय चालणारं. ते पीडीएफ घेत नाही, पानं जेपेग किंवा टिफमध्ये द्यावी लागतात. चित्रात डीपीआयची नोंद नसेल तर ते सुरुवातीलाच विचारतं, स्कॅन ३००चा असेल तर ३०० भरा. पायऱ्या क्रमाने आहेत: आधी दिशा, मग उघड्या वहीची दोन पानं वेगळी करणं, मग डेस्क्यू. हा क्रम मोडू नका, कारण उघड्या वहीचं डावं पान एकीकडे आणि उजवं दुसरीकडे कललेलं असतं. आपोआप शोध साधारण ७ अंशांपर्यंतच चालतो, त्यापुढचं पान हँडल धरून हाताने फिरवा. शिवणीजवळची कमान शेवटच्या 'आउटपुट' पायरीतल्या 'डीवॉर्पिंग'ने निघते, तिथे वरची आणि खालची वक्र रेघ ओळींवर नीट बसवावी लागते.

'आउटपुट'मध्येच खरी चूक होते. मोड मुळात 'ब्लॅक अँड व्हाइट' असतो आणि बारीक ठिपके पुसणारं 'डीस्पेकल' चालू असतं. त्याला धूळ आणि अनुस्वार यातला फरक कळत नाही. क्षेत्राच्या रकान्यात ०.८१ लिहिलेलं असेल तर टिंब जातं आणि ०८१ उरतं. पुसट जांभळा शिक्काही कधी कधी गायब होतो. पडताळणीला जाणाऱ्या कागदावर हे चालणार नाही. मोड 'कलर/ग्रेस्केल' करा. काळं-पांढरंच हवं असेल तर डीस्पेकल बंद ठेवा. त्याच्या आधीच्या 'सिलेक्ट कंटेंट' पायरीत चौकट समासातला शेरा किंवा सही कापत नाही ना, हे प्रत्येक पानावर बघा. दीडशे पानांना वेळ लागतो, पण ही पायरी मी कधीच पूर्णपणे आपोआप सोडणार नाही. आउटपुटचा डीपीआय ६०० असतो, तो ३०० करा. टिफ तयार झाल्या की नॅप्स-टूमध्ये घेऊन पीडीएफ बनवा.

फिरवायचं ते एकदाच, आणि मूळ स्कॅनवरून. दोन अंश फिरवून सेव्ह, परत अर्धा अंश फिरवून सेव्ह, असं जेपेगवर केलं की अक्षरांच्या कडा दरवेळी धुरकट होत जातात. स्कॅनही थेट काळ्या-पांढऱ्यात करू नका. तसं पान फिरवलं की शिरोरेषेला पायऱ्या पडतात. ग्रेस्केलमध्ये घ्या, सरळ करा, काळं-पांढरं शेवटी. मूळ फोल्डर हात न लावता वेगळा ठेवा, कारण डाग, फाटकी कड किंवा खाडाखोड साफ केलेली प्रत पडताळणीत संशयाला जागा देते. कागद फक्त सरळ करायचा, सुधारायचा नाही.

वरून कागद ओढणारा फीडर असेल आणि पानं नेहमी एकाच बाजूला कलत असतील, तर सॉफ्टवेअरकडे जायच्या आधी मशीन पाहा. बाजूच्या पट्ट्या कागदाला टेकलेल्या नसतात, किंवा एका रोलरवर धूळ बसून तो घसरतो. धागे न सुटणारं फडकं किंचित ओलं करून रोलर पुसा. कल कधी इकडे, कधी तिकडे असेल तर पावसाळ्यात कागद मऊ पडल्याचं ते लक्षण. असे कागद फीडरमध्ये न टाकता काचेवर ठेवूनच घ्या, दुमडलेले जुने कागद तर काचेवरच.

अर्ज अपलोड करायच्या पोर्टलवर ५०० केबीची मर्यादा आड आली तर आधी रंगीत पान ग्रेस्केल करा, मग डीपीआय २०० किंवा १५०वर आणा. जेपेगची क्वालिटी सगळ्यात शेवटी कमी करा, आणि अपलोड करण्याआधी तारखांचे आकडे शंभर टक्के झूम करून बघा. १९४९ मधला शेवटचा ९ आधी बिघडतो.