आधी तार, मग स्टिक

प्रश्न : भाऊ, आमचं गाव चोपडा तालुक्यात आहे. घर जुनं, धाब्याचं. बैठकीत ३२ इंची साधा एलईडी टीव्ही आहे, स्मार्ट नाही. त्याला डिश जोडलेली आहे. मी शिक्षिका, दिवसभर शाळेत असते. सासरे, म्हणजे आमचे आप्पा, बातम्या आणि कीर्तन बघतात. सासूबाईंच्या संध्याकाळच्या मालिका ठरलेल्या. मोठा मुलगा पुण्याला शिकतो. तो म्हणतो, नेटवरचे कार्यक्रम दाखवणारी, टीव्हीला लावायची स्टिक घे आणि डिश बंद कर. इकडे बाजारात एक जण अडीच हजारात बॉक्स देतोय, म्हणे सगळे चॅनेल, सगळे सिनेमे कायमचे फुकट. घरी वायफाय नाही, माझ्या मोबाईलचंच नेट आहे. स्टिक घेऊ, बॉक्स घेऊ, की सरळ स्मार्ट टीव्ही?
– एक शिक्षिका, ता. चोपडा

उत्तर : ताई, बॉक्स अजिबात घेऊ नका. स्टिक घ्या, पण आत्ता नाही. घरात नेटची फायबर तार आली की मग. आणि मुलगा काहीही म्हणो, डिश राहू द्या.

मी जळगावात टीव्ही दुरुस्त करतो. स्टिक घेऊन नाराज झालेली माणसं दुकानात येतात, तेव्हा बहुतेक वेळा स्टिकमध्ये काही बिघाड नसतो. नेटच पुरेसं नसतं. तुमच्या घरचा हिशेब बघा. नेटफ्लिक्सच्याच आकड्यांप्रमाणे साध्या दर्जाचं चित्र तासाला १ जीबीपर्यंत डेटा खातं, एचडी चित्र ३ जीबीपर्यंत. तुमच्या रिचार्जमध्ये दिवसाला दीड किंवा दोन जीबी मिळत असतील, तर दोन मालिका झाल्या की चित्र गोल गोल फिरत बसणार. शिवाय ज्या मोबाईलवर हॉटस्पॉट, तो सकाळी तुमच्याबरोबर शाळेत जाणार. मग दुपारी आप्पांनी कीर्तन कशावर लावायचं?

म्हणून आधी गावातल्या केबलवाल्याला किंवा फायबरवाल्याला विचारा. फार मोठा प्लॅन लागत नाही. नेटचा वेग एमबीपीएसमध्ये मोजतात. चांगल्या एचडी चित्राला ५ एमबीपीएस वेग पुरतो, ४के म्हणजे त्याहून बारीक चित्राला १५. तीस एमबीपीएसची लाइन तुमच्या घराला भरपूर झाली. त्याला तीन गोष्टी स्पष्ट विचारा. पहिली, प्लॅनसोबत सेट टॉप बॉक्स मिळतो का? काही कंपन्या ठरावीक प्लॅनवर अॅप चालणारा बॉक्स देतात. तो मिळाला तर स्टिक घ्यायचीच गरज उरत नाही. दुसरी, गावची लाइट गेल्यावर त्याच्याकडच्या मशिनला बॅकअप आहे का? तुमच्या घरी इन्व्हर्टर असला तरी त्याचं मशिन बंद पडलं की नेट जाणारच. तिसरी, तार तुटली तर माणूस कधी येतो? वैशाख-ज्येष्ठाच्या वादळात आपल्या पट्ट्यात केळीच्या बागा आडव्या होतात, तेव्हा खांबावरच्या तारा कुठून शाबूत राहणार?

डिश ठेवा म्हणतो ते याचसाठी. घरात लाइट असली की डिश चालते, गावातली तार तुटली तरी. आणि दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. सासूबाईंना रिमोटवर एक आकडा दाबला की मालिका मिळते. स्टिकवर झी मराठीची मालिका झी५ मध्ये शोधायची, स्टार प्रवाहची जिओहॉटस्टारमध्ये, सोनी मराठीची सोनी लिव्हमध्ये. जिथे वर्गणी लागते तिथे ती वेगळी भरायची. तीन ठिकाणची वर्गणी आणि डिशचं रिचार्ज एका कागदावर शेजारी शेजारी लिहून बघा, मुलाचा 'डिश बंद कर' हा सल्ला किती टिकतो ते कळेल. तुम्ही शाळेत असताना घरातल्या म्हाताऱ्या माणसाला 'माले हाई काय समजत नही' म्हणत रिमोट बाजूला ठेवावा लागला, तर ती वस्तू त्या घरात यायला नको होती, असं माझं ठाम मत आहे.

आप्पांचा मात्र स्टिकने खरा फायदा होईल. मराठी बातम्यांचे चॅनेल यूट्यूबवर थेट चालतात, कीर्तनं तर वाटेल तेवढी आहेत. अहिराणी गाणीही तिथे खूप आहेत. प्रसारभारतीचं 'वेव्हज' हे अॅप २०२४ च्या नोव्हेंबरात आलं, त्यात दूरदर्शन बघता येतं. यातल्या कशालाही महिन्याची वर्गणी भरावी लागणार नाही.

आता त्या अडीच हजाराच्या बॉक्सबद्दल. इथे मी जरा जास्त बोलणार आहे. असे बॉक्स बहुतेक वेळा गूगलने तपासलेले नसतात. आत मोकळं अँड्रॉइड भरलेलं असतं, टीव्हीसाठीचं अधिकृत सॉफ्टवेअर नसतं. त्यामुळे पैसे भरून घेतलेली अॅपसुद्धा त्यावर नीट चालत नाहीत. कॉपी रोखणारं कुलूप नसल्यामुळे नेटफ्लिक्ससारखी अॅप अशा बॉक्सला पुसट चित्रच देतात. पण खरी भीती वेगळीच आहे. २०२३ मध्ये तपासणाऱ्यांना असं आढळलं, की टी९५ नावाच्या आणि तसल्याच इतर स्वस्त बॉक्समध्ये विकण्याआधीच घातक सॉफ्टवेअर भरलेलं होतं. त्याला 'बॅडबॉक्स' म्हणतात. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआय या तपास संस्थेने त्याच्या नव्या आवृत्तीबद्दल लोकांना सावध केलं. पुढच्याच महिन्यात याच प्रकरणात गूगल कोर्टात गेलं, तेव्हा अशा उपकरणांची संख्या एक कोटीच्या वर सांगितली. असा बॉक्स तुमच्या नकळत तुमचं नेट तिसऱ्या माणसाला वापरू देतो. त्याने काही गुन्हा केला, तर माग तुमच्या घरापर्यंत येतो. आणि उद्या ज्या वायफायवर आप्पांच्या पेन्शनचं खातं मोबाईलवर उघडणार, त्याच वायफायवर हा बॉक्स बसलेला असणार. कायमचं फुकट म्हणतात ते चोरून दाखवलेलं असतं. ज्या दिवशी ते बंद होईल, त्या दिवशी दाद कुणाकडे मागायची? पावतीही नसते. माझ्या दुकानात हे बॉक्स मी ठेवत नाही, कुणी मागितला तरी आणून देत नाही.

स्मार्ट टीव्हीची घाई नको. तुमच्या टीव्हीचं चित्र चांगलं असेल, तर नामांकित कंपनीची साधी एचडी स्टिक पुरते. ४के वाली घेऊन उपयोग नाही, ३२ इंची साध्या टीव्हीला तेवढं बारीक चित्र दाखवताच येत नाही. विकत घेण्याआधी टीव्हीच्या मागे एचडीएमआयचं छिद्र रिकामं आहे का ते बघा. एकच असेल आणि ते डिशने अडवलं असेल, तर डिशला जुन्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरी लावता येतात का ते विचारा. क्रोमकास्ट म्हणजे टीव्हीला लावायचं गूगलचं असंच उपकरण. जुन्या साठ्यातलं ते कुणी स्वस्तात दिलं तर घेऊ नका. गूगलने २०२४ मध्ये ते बनवणं थांबवलं, आणि मार्च २०२५ मध्ये २०१५ सालचे क्रोमकास्ट एका कालबाह्य झालेल्या प्रमाणपत्रामुळे काही दिवस जगभर बंद पडले होते.

फायबर बसवायला माणूस येईल, तेव्हा राउटर टीव्हीच्याच खोलीत लावून घ्या. धाब्याच्या भिंती जाड असतात. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय त्यातून पलीकडे जात नाही, २.४ चं कसंबसं जातं.

आणि तोवर एक करून बघा. दिवाळीत मुलगा लॅपटॉप घेऊन येईलच. एचडीएमआयची केबल आणून लॅपटॉप टीव्हीला जोडा आणि त्याच्या मोबाईलच्या नेटवर आप्पांना कीर्तन लावून द्या. ते रोज बसून बघतात का, सासूबाई काय मागतात, हे स्टिकचे पैसे घालवण्याआधीच कळेल.

प्रश्न : स्टिक घेतली, पण मे महिन्यात दुपारी सारखी बंद होऊन पुन्हा सुरू होते. कंपनीकडे पाठवू का?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : आधी वीज कुठून घेतली आहे ते बघा. टीव्हीच्या यूएसबीतून घेतली असेल तर काढा. तिथून बहुतेक टीव्ही अर्धा अँपिअरच देतात, स्टिकला साधारण एक लागतो. सोबत आलेला अॅडॉप्टर भिंतीच्या सॉकेटला लावा. भुसावळचा मे म्हणजे ४५ अंशांच्या पुढेही जाणारा, त्यात पश्चिमेची भिंत आणि टीव्हीची मागची ऊब. डब्यात आखूड एचडीएमआयची वायर आली असेल, तर ती मध्ये जोडून स्टिक टीव्हीपासून लांब, मोकळ्या हवेत लोंबती ठेवा. इतकं करूनही बंद पडली, तर वॉरंटीत असेपर्यंत पाठवून द्या.