गेमच्या फॅन आर्टसाठी चांगलं थंबनेल कसं बनवावं?

तुमची अडचण अशी आहे की आवडत्या गेममधल्या पात्राचं तुम्ही काढलेलं चित्र मोठं उघडलं की लोक कौतुक करतात, पण ऑनलाइन गॅलरीतल्या शंभर चौकोनांत ते कुणी उघडतच नाही. थंबनेलमध्ये, म्हणजे उघडण्याआधी दिसणाऱ्या त्या छोट्या चित्रात, काय चुकतंय, असं तुम्ही विचारलंय.

मी चित्रकला शिकलेलो नाही. कणकवलीत हायवेलगत एका फ्लेक्सच्या दुकानात दिवसभर डिझाइन करतो आणि रात्री गेममधली पात्रं काढतो. थंबनेलचं जे काही कळलंय ते बरंचसं दिवसाच्या कामातून.

फ्लेक्स आणि थंबनेल ही सख्खी भावंडं. हिशोब करा. 20 फुटी फ्लेक्स 200 फुटांवरून बघितला तर डोळ्याला जेवढा दिसतो, तेवढंच 3 सेंटीमीटरचं थंबनेल हातातल्या फोनवर, 30 सेंटीमीटरवरून दिसतं. आणि एसटी ताशी 60 किलोमीटरने चालली असेल तर ते 200 फूट चार सेकंदांच्या आत संपतात. गॅलरीत बोट सरकवणाऱ्या माणसाकडे तर तेवढाही वेळ नसतो.

आता वाढदिवसाचा फ्लेक्स करून घ्यायला आलेलं गिऱ्हाईक काय सांगतं? मधे भाऊंचा फोटो, वर दैवतं, डाव्या बाजूला नेते, मागे किल्ला, समुद्र, जमलं तर वाघ, आणि खाली चाळीस शुभेच्छुक. प्रत्येकाने वर्गणी काढलेली, त्यामुळे एकही कापायची सोय नाही. एसटीतल्या माणसाला यातलं काय दिसतं? दिसलाच तर भाऊंचा पांढरा शर्ट. आपल्या चित्रातही असे शुभेच्छुक असतात: मागचा बुरूज, पायाशी उगवलेलं शेवाळ, तीन तास खाऊन गेलेला कंदील. त्यांनी वर्गणी दिलेली नसते, तरी त्यांना कापायला हात धजत नाही, कारण आपल्या रात्री त्यांच्यावर गेलेल्या असतात. थंबनेल बिघडतं ते बहुतेक वेळा इथेच.

माझंच सांगतो. ‘हॉलो नाइट’ (2017) हा गेम खेळला असाल तर त्यातला तो छोटा नाइट माहीत असेल: पांढरा मुखवटा, दोन शिंगं, काळे डोळे, अंगावर झगा. त्या गेममध्ये एक शहर आहे, सिटी ऑफ टीअर्स, तिथे पाऊस थांबतच नाही. मला वाटलं, असा पाऊस आपल्याकडचाच. म्हणून नाइटला मालवणच्या किनाऱ्यावर बसवला, पावसाळ्यासाठी वर ओढून झाप घातलेल्या होडीच्या कडेला. मागे खवळलेला समुद्र, लांबवर सिंधुदुर्ग, एक वीज. चित्र 4000 बाय 2250 पिक्सेल. पूर्ण चित्रच लहान करून थंबनेल म्हणून टाकलं आणि आईला फोन दाखवला. ती म्हणाली, “ह्यां काय रे? पावसाक मोडलेली छत्री?”

मग मोजायला बसलो. मूळ चित्रात नाइटची उंची 250 पिक्सेल होती. थंबनेल दिसतं 320 बाय 180 एवढं. म्हणजे नाइटच्या वाट्याला आले 20 पिक्सेल, आणि त्यातल्या मुखवट्याला जेमतेम आठ. आठ पिक्सेलांत दोन शिंगं आणि दोन डोळे कसे बसणार? मूळ चित्रातला 640 बाय 360 चा तुकडा कापला तेव्हा तोच नाइट 125 पिक्सेल उंच दिसायला लागला. किल्ला गेला, वीज गेली, होडीची नुसती कड राहिली. यापेक्षा लहान तुकडा मात्र कापू नका. फोनचे पडदे दाट असतात, त्यामुळे दिसतं त्याच्या दुप्पट पिक्सेल हाताशी असलेले बरे, नाहीतर चित्र पिठाळ दिसतं.

त्यानंतर पाऊस. मूळ चित्रात पावसाच्या रेघा दोन पिक्सेल जाडीच्या, शेकड्याने मारलेल्या. पूर्ण चित्र साडेबारा पट लहान झालं की अशा रेघेला अर्धा पिक्सेलसुद्धा उरत नाही. रेघा नाहीशा होतात, पण त्यांचा करडेपणा मागे राहतो आणि सगळ्यावर धुकं बसतं. मी थंबनेलच्या फाइलमध्ये पावसाचा लेयर (वेगळा ठेवलेला थर) बंद केला आणि सात-आठ जाड, तिरक्या सरी नव्याने ओढल्या. गंमत म्हणजे त्या आठ सरींत शेकडो रेघांपेक्षा जास्त पाऊस पडतोय असं वाटलं. कुणी म्हणेल ही फसवणूक. मला नाही वाटत. चित्रात नसलेलं पात्र थंबनेलमध्ये घातलं तर ती फसवणूक, पाऊस जाड केला तर नाही.

तरीही मुखवटा उठत नव्हता. चित्राचा रंग पूर्ण काढून नुसतं काळं-पांढरं करून बघितलं तेव्हा चोर सापडला: लाटेचा फेस मुखवट्याइतकाच पांढरा होता. फेस दोन पायऱ्या खाली, राखाडीकडे नेला आणि मुखवटा एकटा पांढरा ठेवला. रंग काढून बघायची ही सवय लावून घ्याच. लाल झगा आणि हिरवी झाडी डोळ्याला वेगळी वाटतात, पण रंग काढला की दोन्ही एकाच करड्यात मिसळतात. छोट्या चौकोनात पहिली ओळख पटते ती उजेड-अंधाराच्या फरकाने.

आणि बाह्याकार. पात्र पूर्ण काळं भरून बघा, ओळखू येतंय का? आपल्या शिमग्यातला संकासुर काळोखात, अर्ध्या मैलावरून येताना दिसला तरी पोरं पळतात ती त्या टोकदार टोपीमुळे. चेहरा कोण बघायला थांबतो! गेमवाल्यांना हे पक्कं माहीत आहे. ‘टीम फोर्ट्रेस 2’ (2007) मधली नऊ पात्रं नुसत्या सावलीवरून वेगळी कळावीत अशीच घडवली होती. 1981 साली ‘डाँकी काँग’मध्ये मारिओला टोपी आणि मिशी मिळाली, कारण एवढ्याशा ठिपक्यांत केस आणि तोंड काढणं अवघड होतं. म्हणजे तुम्ही ज्या पात्राची फॅन आर्ट काढताय, त्याची ओळखीची खूण मूळ चित्रकाराने बहुधा आधीच दिलेली असते. क्रॉप करताना ती खूण कापली जाऊ देऊ नका. नाइटचं एक शिंग चौकटीबाहेर गेलं तर तो नाइट राहत नाही.

चौकटीच्या कोपऱ्यांवर विसंबू नका. कुठे खाली उजवीकडे आकडा किंवा चिन्ह येऊन बसतं, कुठे थंबनेल चौरस होतं, कुठे गोल. चौरसाचा गोल केला की साधारण पाचवा भाग जातो. सावंतवाडीचे गंजिफा रंगवणारे हे पिढ्यान्‌पिढ्या सांभाळत आलेत, गोल पत्त्यात मुख्य आकृती मध्यावर आणि भोवती निवांत किनार.

अक्षरं घालू नका, नाव खाली येतंच. गेमचा अधिकृत लोगो तर अजिबात नको, चित्र कंपनीचंच आहे असा समज होतो. आणि गेमच्या शेवटाचा प्रसंग काढला असेल तर तो थंबनेलमध्ये उघडा पाडू नका, शिव्या खाल. मी खाल्ल्यात.

फाइलचा एक किस्सा. एकदा पार्श्वभूमी पारदर्शक ठेवून पीएनजी टाकली. माझ्या संगणकावर मागे पांढरं होतं, झकास दिसत होती. बघणाऱ्यांच्या फोनवर डार्क मोड. काळा झगा काळ्या पानात बुडाला आणि नुसता शिंगवाला मुखवटा हवेत तरंगत राहिला. खाली एकाने लिहिलं, “बाकीचा कुठे गेला?” तेव्हापासून मागे रंग भरल्याशिवाय फाइल बाहेर जात नाही. जेपेग केलीत तर लालभडक बारीक रेषा कडेला फिसकटतात, तिथे पीएनजीच बरी.

शेवटी तपासणी. संगणकावर झूम कमी करून बघण्यात अर्थ नाही. गॅलरीच्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या, तुमचं थंबनेल त्यातल्या एका चौकोनावर चिकटवा आणि फोनवर, ब्राइटनेस निम्मा करून, अंगणात उन्हात बघा. शेजारची चित्रं सगळी निळी-काळी असतील तर तुमचं थोडं उबदार ठेवायला काय हरकत आहे? मग असा माणूस गाठा ज्याने तो गेम कधी पाहिलेला नाही, आणि “कसं झालंय?” असं न विचारता “काय दिसतंय?” एवढंच विचारा. दुसऱ्या खेपेला आईने चष्मासुद्धा लावला नाही. लांबूनच म्हणाली, “शिंगांचो कोण रे ह्यो? पावसात कित्याक बसलोहा?” मी तेच थंबनेल टाकलं.

ता. क. पिक्सेल आर्ट, म्हणजे मोजक्या ठिपक्यांनी रचलेलं चित्र, असेल तर वरचं मापाचं गणित बाजूला ठेवा. 64 बाय 64 चं पात्र नेमक्या पूर्ण पटीतच मोठं करा, चौपट म्हणजे 256 किंवा पाचपट म्हणजे 320. मोठं करताना ‘निअरेस्ट नेबर’ हा, ठिपक्यांच्या कडा धूसर न करणारा पर्याय निवडा. साडेतीन पट वगैरे केलंत तर काही ठिपके जाड, काही बारीक होतात आणि पात्राचे डोळे तिरळे दिसतात.